विश्लेषण : गुडघ्याच्या ‘बोन सिमेंट’मध्ये औषध मिसळल्यास त्याची ताकद घटते का?

जुन्नर आणि आंबेगावातून गुडघेबदलासाठी पुणे, पिंपरी-चिंचवड गाठणाऱ्या रुग्णांच्या घरी कृत्रिम गुडघा कोणता आणि केवढ्याला, याची चर्चा होते. तो गुडघा हाडात पक्का बसवणाऱ्या ‘बोन सिमेंट’चा विषय क्वचितच निघतो. सांधा किती वर्षे टिकेल, हे मात्र या सिमेंटवर आणि त्यात काय मिसळले आहे, यावरही ठरते.

बोन सिमेंट म्हणजे काय?

बांधकामाच्या सिमेंटशी त्याचे फक्त नावाचे नाते आहे. हे एक अ‍ॅक्रिलिक प्लास्टिक आहे. साधारण ४० ग्रॅम भुकटी आणि २० मिलिलिटर द्रव शस्त्रक्रियागृहातच एकत्र केले जाते आणि काही मिनिटांत ते मिश्रण कडक होते. ते गोंदासारखे चिकटवत नाही, तर हाड आणि धातू यांमधील फट भरून काढते. ब्रिटिश सर्जन जॉन चार्नली यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस सांधेबदलात त्याचा वापर रुळवला.

त्यात काय मिसळतात?

एक्स-रेमध्ये सिमेंट दिसावे म्हणून बेरियम सल्फेट किंवा झिर्कोनियम डायऑक्साइड असते. भुकटीत त्याचे प्रमाण साधारण दहा टक्के किंवा थोडे अधिक असते. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी जेंटामायसिनसारखी प्रतिजैविकेही घालतात. जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे १९७०च्या सुमारास हा प्रयोग सुरू झाला.

ताकद का घटते?

आंतरराष्ट्रीय मानकानुसार कडक झालेल्या सिमेंटने किमान ७० मेगापास्कल, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७०० किलो दाब सोसला पाहिजे. मिसळलेले कण प्लास्टिकशी एकजीव होत नाहीत. त्यांच्या गुठळ्या राहिल्या, की तिथून तडे सुरू होतात. औषध विरघळून बाहेर पडले, की मागे बारीक पोकळ्या उरतात. ४० ग्रॅम भुकटीत एक-दोन ग्रॅम औषधाने सहसा मोठा फरक पडत नाही. चार-पाच ग्रॅमच्या पुढे गेल्यास ताकद मानकाखाली घसरू शकते. भुकटीऐवजी द्रवरूप औषध ओतल्यास ती जवळपास निम्म्याने घटल्याचे प्रयोगांत दिसले आहे. घोटताना अडकलेली हवाही घातक असते, म्हणून निर्वात भांड्यात मिश्रण करण्याची पद्धत आली.

रोजच्या जगण्याशी याचा संबंध काय?

चालत्याफिरत्या माणसाचा एक पाय वर्षाला साधारण दहा लाख पावले टाकतो. सिमेंट एका मोठ्या भारापेक्षा अशा पुन्हापुन्हा येणाऱ्या भाराने थकते. भीमाशंकर-डिंभे पट्ट्यातील चढ-उतार रोज करणाऱ्यांसाठी हे महत्त्वाचे आहे. सांधा सैल झाला, तर दुसरी शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अवघड आणि खर्चिक असते. म्हणून औषध नकोच, असेही नाही, कारण सांध्यातील संसर्गानेही हीच वेळ येते.

मग जास्त औषध कधी वापरतात?

आधीच संसर्ग झालेला सांधा काढल्यावर त्या जागी काही आठवड्यांसाठी सिमेंटचा तात्पुरता ठोकळा बसवतात. तो पुढे काढायचाच असल्याने तिथे टिकाऊपणापेक्षा औषध भरपूर पाझरणे महत्त्वाचे ठरते.

नियंत्रण कोणाचे?

केंद्राने २००५ मध्येच बोन सिमेंटला औषध कायद्याच्या कक्षेत आणले. ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या रोपणांच्या किमतींवर मर्यादा आली. तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या गुडघ्यासाठी ती जीएसटी वगळून ५४,७२० रुपये होती. कारखान्यातच औषध मिसळलेल्या सिमेंटमध्ये प्रमाण ठरलेले आणि मिश्रण एकसारखे असते. शस्त्रक्रियागृहात हाताने मिसळताना ते करणाऱ्याच्या काटेकोरपणावर अवलंबून राहते.

रुग्णाने काय विचारावे?

सिमेंट साधे की औषधयुक्त, औषध कोणते, ते कारखान्यात मिसळलेले की जागेवर आणि किती, हे शस्त्रक्रियेपूर्वी विचारता येते. एखाद्या प्रतिजैविकाची अ‍ॅलर्जी असल्यास ती आधीच सांगावी. सिमेंटच्या पाकिटावरील बॅच क्रमांकाचे लेबल केसपेपरला लावून घ्यावे. पुढे सांधा दुखू लागल्यास दुसऱ्या डॉक्टरांनाही त्यावरून आत नेमके काय आहे, ते कळते.