पाखरांचा दाखला आणि केडगावच्या विहिरी

‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ ही म्हण आपल्या भाषेने आळशी माणसाची टिंगल करण्यासाठीच घडविली. ‘ईश्वर पुरवील’ या ख्रिस्ती श्रद्धेविषयी ऐकताना पुष्कळांच्या डोळ्यांपुढे नेमके हेच खाटले उभे राहते. येशूने डोंगरावरील प्रवचनात उद्याची चिंता करू नका असे सांगितले आणि पेरणी-कापणी न करणाऱ्या पाखरांचा दाखला दिला. महिनाअखेरीस घरभाडे, वाण्याची उधारी आणि मुलांची फी यांचा मेळ घालणाऱ्या कारकुनाला वा शिक्षकाला हा उपदेश ऐकून हसू आले, तर त्याला दोष देता येणार नाही. परंतु ज्यांनी तो उपदेश अक्षरशः मनावर घेतला, त्यांनी प्रत्यक्षात काय केले हे पाहिल्यावाचून निकाल देणे घाईचे ठरेल.

मूळचे प्रशियाचे जॉर्ज म्यूलर हे इंग्लंडमध्ये धर्मोपदेशक होते. १८३० साली त्यांनी ठरलेले वेतन घेणे सोडले आणि १८३६ साली ब्रिस्टल येथे अनाथगृह उघडले. पैशांसाठी माणसापुढे हात पसरायचा नाही, जे मागायचे ते ईश्वराजवळ, असा त्यांचा नेम होता. १८७० पर्यंत तेथे पाच मोठ्या इमारती उभ्या राहिल्या आणि दोन हजारांवर मुलांची सोय झाली. पण याच म्यूलरांनी जमाखर्चाचा अहवाल वर्षानुवर्षे छापून प्रसिद्ध केला. अहवाल छापणे हीच एक प्रकारची याचना नव्हे काय, असा आक्षेप घेता येतो आणि तो अगदीच निराधार नाही. तथापि एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. या श्रद्धेने वही मिटली नाही. उलट ती चारचौघांपुढे उघडी ठेवली.

म्यूलरांचे चरित्र वाचून ज्यांच्या मनाने उचल खाल्ली, त्यांत पंडिता रमाबाई होत्या. त्यांचा पिंड मात्र निराळा होता. त्यांनी अमेरिकेत गावोगाव व्याख्याने देऊन विधवांच्या शिक्षणासाठी उघडपणे मदत मागितली. १८८७ साली बोस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळाने दहा वर्षे साहाय्य देण्याचे मान्य केले आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू झाले. ही मुदत संपणार, हे रमाबाई विसरल्या नाहीत. पुढे पुण्याजवळ केडगाव येथे त्यांनी जमीन घेतली. फळबागेच्या उत्पन्नावर संस्थेने स्वतःच्या पायावर उभे राहावे हा त्यामागील हेतू होता. तेथे विहिरी खोदल्या गेल्या. पुढे छापखाना आला आणि आश्रमातल्या स्त्रिया खिळे जुळवू लागल्या. पाखरे पेरीत नाहीत हे रमाबाईंना ठाऊक होते. तरी त्यांनी झाडे लावलीच.

मग या सगळ्यात श्रद्धेचा वाटा कोणता? तो १८९६-९७ च्या दुष्काळात दिसतो. मध्य प्रांतात उपासमार सुरू झाली, तेव्हा हाताशी असलेला पैसा मोजून जितक्या मुली पोसता येतील तितक्याच घ्याव्यात, असे कोणत्याही सुज्ञ व्यवस्थापकाने सांगितले असते. रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली व स्त्रिया आणल्या. १९०० च्या दुष्काळानंतर केडगावच्या ‘मुक्ती’तील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. हिशेब ठेवायचा, पण हिशेबाला दाराची कडी लावू द्यायची नाही, हाच त्या श्रद्धेचा व्यवहारातील अर्थ होय.

येथे एक कठोर प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. जे वाचले त्यांना ईश्वराने पुरविले म्हणावे, तर जे दुष्काळात मेले त्यांचे काय? खुद्द रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळातच गेली, आणि त्या घरात भक्तीची उणीव नव्हती. तेव्हा भाकर मिळणे हे भक्तीचे प्रमाणपत्र नव्हे आणि उपाशी मरणे ही अश्रद्धेची शिक्षा नव्हे. ‘आज दान द्या, उद्या दसपट मिळवा’ असे व्यासपीठावरून सांगणारे आजचे समृद्धीचे प्रचारक नेमके येथेच फसवणूक करतात. अरण्यातील मान्न्याची कथा त्यांनी पुन्हा वाचावी: रोजच्यापुरता गोळा केला तो पोटाला लागला, हावेने साठविला त्यात किडे पडले.

ईश्वरी मार्गदर्शनाच्या बाबतीतही असाच विवेक हवा. ‘मला देवाने सांगितले’ या वाक्यापुढे वादच खुंटतो, म्हणून ते सर्वांत धोक्याचे. मंदिराच्या शिखरावरून उडी घे, देवदूत झेलतील, या मोहाला स्वतः येशूने नकार दिला होता. शिवाय मार्गदर्शन एकाला होते आणि झळ दुसऱ्याला लागते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यांच्या निःसंगपणाबद्दल आदर वाटतोच. परंतु तसल्या निःसंगपणाखाली संसाराची ओढाताण कोणी निभावली, हे लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला सांगावे लागत नाही. म्हणून अंतरात्म्याचा आवाज ऐकणाऱ्याने घरातल्या माणसाचाही आवाज ऐकावा. जो आवाज आपल्याला दुसऱ्याच्या भुकेकडे नेतो आणि त्याची किंमत प्रथम आपल्याकडून मागतो, तो विश्वासार्ह. जो आपल्या सोयीकडे नेतो, तो बहुधा आपलाच.

येशूने शिकविलेल्या प्रार्थनेत रोजची भाकर मागितली आहे. ती ‘मला’ दे अशी नाही, ‘आम्हांला’ दे अशी आहे. या अनेकवचनाकडे आपले दुर्लक्ष होते. दोन भाकरी असलेला आणि एकही नसलेला, असे दोघे ही प्रार्थना एकत्र म्हणतात, तेव्हा पहिल्याच्या हातातली दुसरी भाकर हेच त्या प्रार्थनेचे उत्तर असते. याकोबाच्या पत्रात उपाशी माणसाला नुसत्या सदिच्छा देऊन वाटेस लावणाऱ्यांना खडसावले आहे, ते याचसाठी. ईश्वर पुरवितो की नाही, याचा वाद विद्वानांनी खुशाल चालवावा. ज्याची तशी श्रद्धा आहे, त्याने मात्र शेजारच्या घरी चूल पेटली आहे ना, हे आधी पाहून यावे.