शिंक आली की भीती वाटते?

जानेवारीत नोएडातल्या आमच्या सोसायटीत एका मराठी घरी हळदीकुंकू होतं. दिल्लीकडच्या त्या थंडीत घरोघरी सर्दी-खोकला. शेजारच्या वहिनी दारातूनच वाण घेऊन निघाल्या. 'बसा की जरा,' म्हणून मी त्यांचा हात धरला, तेवढ्यात त्यांना एकामागून एक तीन शिंका आल्या. चेहरा पांढराफटक पडला. शाल कमरेभोवती गुंडाळून त्या जवळजवळ पळतच घरी गेल्या.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेले तेव्हा सारं कळलं. नऊ वर्षांपूर्वी मुलाच्या वेळी कळा देऊन देऊन त्या थकल्या, शेवटी चिमटा लावून बाळ काढावं लागलं. वजन चार किलोंच्या वर. खाली बरेच टाके पडले. तेव्हापासून शिंकलं, खोकलं, बादली उचलली की लघवी सुटते. वायू तर रोखताच येत नाही. सहा आठवड्यांनी दवाखान्यात विचारलं, तर 'बाळंतपणानंतर असं होतंच' एवढंच उत्तर मिळालं. सासूबाईही तेच म्हणाल्या. मग त्यांनी कुणाला विचारलंच नाही. मेट्रोने करोलबागला जाणं बंद केलं. नागपूरला माहेरी जायचं तर आदल्या दुपारपासून पाणी प्यायच्या नाहीत. नवऱ्याला मात्र वाटत होतं की ही माणूसघाणी झाली आहे!

वहिनींना झाली होती ती दुखापत. हात मोडावा तशी, फक्त न दिसणाऱ्या जागी.

ओटीपोटाच्या तळाला, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंचा एक थर ताणून बसवलेला असतो. बाजेची नवार आठवा. मूत्राशय, गर्भाशय आणि मलाशय या नवारीवर विसावलेले असतात आणि तिन्ही वाटा तिच्यातूनच बाहेर पडतात. बाळाचं डोकं बाहेर येताना ही नवार कित्येक पट ताणली जाते. बहुतेकींची काही महिन्यांत पूर्ववत होते. पण पहिलं बाळंतपण, मोठं बाळ, फार लांबलेल्या कळा किंवा चिमटा असेल, तर स्नायू फाटण्याचा, त्यांच्याकडे जाणाऱ्या नसा दुखावण्याचा धोका वाढतो. चीर गुदद्वाराभोवतीच्या गोल स्नायूपर्यंत गेली, तर वायू आणि शौचावरचा ताबा सुटू शकतो. ही चीर प्रसूतीनंतर लगेच बोटाने नीट तपासली तरच कळते आणि तेव्हाच थरांनुसार शिवावी लागते. लंडनच्या डॉक्टरांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सोनोग्राफीने तपासलेल्या ७९ पहिलटकरणींपैकी २८ जणींच्या या स्नायूला इजा झालेली आढळली. बहुतेकींची इजा प्रसूतीच्या वेळी कुणाच्या लक्षातही आली नव्हती.

आपल्याकडे बाळंतिणीचं कौतुक कमी नसतं. सव्वा महिना शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, पोटाला पट्टा, सगळं होतं. 'लघवी रोखता येते का गं?' एवढं मात्र कुणी विचारत नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या गावांत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली होती. १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले, तेव्हा जग चकित झालं. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के! तो अभ्यास लघवीच्या गळतीपुरता नव्हता, पण सोसत राहण्याची ही सवय मला ओळखीची वाटली. नोएडाच्या आठव्या मजल्यावरही ती तशीच होती.

उपायांची सुरुवात घरातच होऊ शकते. अमेरिकेतले स्त्रीरोगतज्ज्ञ अरनॉल्ड केगेल यांनी १९४८ साली सुचवलेला व्यायाम आजही पहिला उपचार आहे. लघवी आणि वायू एकदमच रोखायचे आहेत अशा तऱ्हेने खालचे स्नायू आत, वर ओढा. पाच सेकंद धरा, मग तेवढाच वेळ सोडा. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, पोट आणि मांड्या आवळायच्या नाहीत. प्रत्यक्ष लघवी करताना मधेच थांबवून हा व्यायाम करत राहू नका. शिंक किंवा खोकला येतोय असं वाटताच आधी आवळा, मग शिंका. निदान तीन महिने नेटाने केल्याशिवाय फरक पडला नाही असं म्हणू नका. बऱ्याच जणी चुकीचेच स्नायू आवळतात, म्हणून एकदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घेतलेलं बरं.

पाणी मात्र तोडू नका. दाट लघवीने मूत्राशय आणखी चिडतं. बद्धकोष्ठ आणि जुना खोकला यांवर इलाज करा, कारण रोजच्या कुंथण्याने नवार आणखी सैल पडते. 'सिझेरियन केलं असतं तर?' असं वहिनींनी विचारलंच. त्याने धोका कमी होतो, संपत नाही, कारण नऊ महिन्यांचं ओझं तर त्या स्नायूंनी पेललेलंच असतं.

लघवी दिवसरात्र सतत झिरपत असेल, शौचावर ताबा नसेल किंवा अंग बाहेर येत असेल, तर व्यायामाच्या भरवशावर न थांबता स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. अंग बाहेर येण्यावरची एक शस्त्रक्रिया तर आपल्या डॉ. वि. ना. शिरोडकरांच्या नावाने ओळखली जाते. पुन्हा दिवस गेले असतील, तर मागच्या वेळी किती टाके पडले, ताबा कसा आहे, हे पहिल्याच तपासणीत सांगा. प्रसूती कशी करायची ते त्यावरही ठरतं.

वहिनींना मी एका मोठ्या सरकारी इस्पितळाच्या स्त्रीरोग विभागात घेऊन गेले. सोनोग्राफीत गुदद्वाराच्या स्नायूची जुनी फाट दिसली. तिथे शस्त्रक्रिया करायची की नाही, हे अजून ठरायचं आहे. लघवीची गळती मात्र चार महिन्यांच्या व्यायामाने खूपच कमी झाली. परवा त्या नागपूरला निघाल्या. गाडी सुटायच्या आधी फोन आला, 'अगं, वरचा बर्थ मिळालाय आणि हातात पाण्याची बाटली आहे!'