सांसद निधीतून हॉल?

मंडळातली तरुण मुलं हल्ली एक प्रश्न सारखा विचारतात. "काका, वर्गणीसाठी घरोघर किती फिरायचं? सांसद निधीतून हॉल बांधून घेऊ या की!" (इंदूरात आपण खासदार म्हणतच नाही, सांसद, विधायक, पार्षद. असो.)

प्रश्न रास्त आहे. आपला कार्यक्रमाचा हॉल वरच्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ज्यांनी मंडळ उभं केलं तेच आता जिना चढवत नाही म्हणून दिवाळी पहाटेला घरी बसतात. खाली मोकळी जागा आहे, तिथे हॉल झाला तर कोणाला नको आहे?

पण आधी हिशेब बघू. ही योजना डिसेंबर 1993 मध्ये सुरू झाली. 2011-12 पासून प्रत्येक खासदाराला वर्षाला 5 कोटी रुपयांची कामं सुचवता येतात. कोरोनाच्या काळात ती काही महिने बंदही होती. 5 कोटी ऐकायला मोठे वाटतात. मात्र आपल्या लोकसभा क्षेत्रात विधानसभेच्या 8 जागा आणि 25 लाखांहून जास्त मतदार आहेत. म्हणजे माणशी वर्षाला जेमतेम 20 रुपये! त्यातच नळ, शाळेच्या खोल्या, रस्ते आणि आपल्यासारखी कितीतरी मंडळं.

दुसरं म्हणजे, खासदार पैसे देत नाहीत, फक्त कामाची शिफारस करतात. मंजुरी जिल्हा प्रशासनाची. जुन्या मंडळींना अजून वाटतं की आपल्या सुमित्राताई 1989 ते 2019 अशी तीस वर्षं इथून खासदार होत्या, तसं कोणी आपलं माणूस असलं की एका चिठ्ठीत काम होतं. चिठ्ठीनं फक्त फाईल सुरू होते. उलट शिफारस करणारे खासदार किंवा त्यांच्या घरचं कोणी संस्थेच्या कार्यकारिणीत असेल, तर त्या संस्थेला हा निधी मिळतच नाही. हा नियम मला फार आवडतो.

देवळाच्या आवारात हा पैसा लावता येत नाही. आपल्या जागेत गणपतीचं देऊळ आहे, तेव्हा हॉलची जागा त्यापासून कागदोपत्री स्पष्ट वेगळी दाखवावी लागेल. देखभालीचा खर्चही निधीतून नाही; वीजबिल, झाडूपोछा, रंग हे सगळं आपल्याकडेच. म्हणजे वर्गणी काही सुटत नाही.

खरी गोष्ट पुढेच आहे. संस्थेला करार करून द्यावा लागतो की बांधलेली वास्तू सार्वजनिक उपयोगासाठी आहे. मग "मराठी माणसांनाच हॉल" असं म्हणता येणार नाही. शेजारच्या गल्लीतल्या हिंदीभाषक किंवा सिंधी कुटुंबाने लग्नासाठी मागितला, तर आपल्या सभासदाला जो नियम तोच त्यांना. काही ज्येष्ठांना हे पटणार नाही. "आपल्या आजोबांनी पै-पै जमवून घेतलेली जागा" असं ते म्हणतील आणि ते खोटंही नाही. माझं मत मात्र होकाराचं आहे. वर्षातले बहुतेक दिवस जागेला कुलूप असतं, आणि पैसा सगळ्यांच्या करातून येणार तर दार सगळ्यांना उघडं हवं. हे ज्यांना नको असेल त्यांनी निधी मागू नये, वर्गणी वाढवावी. तोही मार्ग सन्मानाचाच आहे.

तेव्हा मुलांनो, अर्ज लिहिण्याआधी हा विषय सभेत घ्या, आणि ज्येष्ठांचं बोलणं मध्ये न तोडता ऐका. जागेची रजिस्ट्री, सोसायटीचं पंजीयन आणि ऑडिट झालेले हिशेब लागतील. रजिस्ट्रीच्या फाईली माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत. मला आता शिडी चढवत नाही, तुमच्यापैकी दोघांनी या रविवारी सकाळी येऊन त्या खाली काढा.