तीन महिन्यांनंतरची बाटली

पुरुष नसबंदी पंधरवडा दरवर्षी २१ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर या काळात होतो. त्या दिवसांत बिनटाक्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाची वीर्य तपासणी तीन महिन्यांनी, म्हणजे फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या पहिल्या आठवड्यात येते. बुलढाणा जिल्ह्यात तेव्हा हरभरा सोंगणीला आलेला असतो, मागोमाग गहू असतो आणि मजूर शोधून मिळत नाही. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे अजून कारखान्यावरच असतात. अशा दिवसांत सोनाळ्याच्या शेतकऱ्याने सगळे काम टाकून एसटी धरावी, खामगाव नाही तर बुलढाणा गाठावे, रुग्णालयाच्या संडासात उभे राहून बाटलीत नमुना द्यावा, अशी आपली अपेक्षा असते. तो येत नाही. आपण रजिस्टरमध्ये ‘फॉलोअपला आला नाही’ असे लिहितो आणि पुढच्या केसकडे वळतो.

परदेशांतल्या पाहण्यांतही एक तृतीयांशाच्या आसपास पुरुष एकदासुद्धा नमुना देत नाहीत, असे पुन्हा पुन्हा दिसले आहे. तेव्हा हा आपल्याच माणसांचा निष्काळजीपणा आहे, असे म्हणून मोकळे होता येणार नाही. वीर्य तपासणीत शुक्राणू नाहीत हे दिसेपर्यंत नसबंदीचे प्रमाणपत्र द्यायचे नाही, असे केंद्र सरकारच्या मानकांतच आहे. म्हणजे कागदावर शस्त्रक्रिया तोवर पूर्ण झालेली नाही. प्रत्यक्षात मात्र टेबलावरून उतरलेला माणूस ‘झाले एकदाचे’ म्हणून घरी जातो, आणि आपणही मनातून तेच म्हणतो.

ही सवय जुनी आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत डॉ. डी. एन. पै यांच्या पुढाकाराने रेल्वे स्थानकांवर नसबंदी केंद्रे चालली. गाडीतून उतरलेला माणूस शस्त्रक्रिया करून पुन्हा गाडीत बसे. सेवा लोकांच्या वाटेवर नेण्याची ती कल्पना मोठीच होती, पण गर्दीत मिसळलेला माणूस तीन महिन्यांनी गाठायचा कसा? मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतल्या ६० लाखांवर पुरुषांच्या. उद्दिष्ट शस्त्रक्रियांचे होते, म्हणून मोजल्याही शस्त्रक्रियाच गेल्या. त्या जबरदस्तीची भीती घरोघर उरली, आणि केस झाली की काम झाले ही मोजण्याची रीत आपल्या रजिस्टरांत उरली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत स्त्री नसबंदीचे प्रमाण ३७.९ टक्के आहे आणि पुरुष नसबंदीचे ०.३ टक्के. एवढ्या थोड्यांतला एक जण आपल्यावर विश्वास ठेवून येतो, त्याला अर्ध्या वाटेवर सोडायचे नाही.

अर्ध्या वाटेवर सोडले तर काय होते, हे गावपातळीवर काम करणारे जाणतात. नळी बांधली तरी तिच्या पुढच्या भागात आणि वीर्यकोशांजवळ साठलेले शुक्राणू काही आठवडे बाहेर पडत राहतात. क्वचित कापलेली टोके पुन्हा जुळतात. तीन महिने निरोध वापरायचा हे सांगितलेले असते, पण ते शस्त्रक्रियेच्या गडबडीत, दहा सूचनांमधली एक म्हणून. मग बायकोला दिवस जातात. अशा वेळी गावात पहिला संशय शस्त्रक्रियेवर जात नाही, बाईवर जातो. नवरा म्हणतो, माझे तर ऑपरेशन झाले आहे. त्या घरात पुढे काय होते ते कोणत्याही अहवालात येत नाही. एका सूक्ष्मदर्शकाखाली पाच मिनिटे पाहिले असते तर जे टळले असते, ते तिने का सोसायचे? वीर्य तपासणीकडे आम्ही आधी याच बाजूने पाहतो.

आता घरच्या घरी तपासणीचा प्रश्न. अमेरिकेत २००८ साली नसबंदीनंतरच्या तपासणीसाठीच बनवलेल्या घरगुती किटला मान्यता मिळाली. शुक्राणूच्या डोक्याशी असलेले एसपी-१० हे प्रथिन ते ओळखते. मलेरियाच्या रॅपिड टेस्टसारखीच पट्टी आणि तशाच रेषा. मिलिलिटरला अडीच लाखांच्या वर शुक्राणू असतील तर ते दाखवते. त्याच्या खाली गर्भधारणेची शक्यता फार कमी, म्हणून कल्पना चांगली आहे. पण शुक्राणू हलतात की नाही हे किट सांगत नाही. अमेरिकन युरॉलॉजी असोसिएशनची २०१२ ची मार्गदर्शक सूचना मिलिलिटरला एक लाखापर्यंत न हलणारे शुक्राणू चालवून घेते, हलणारा एकही नाही. त्यामुळे अशा पट्टीच्या भरवशावर प्रमाणपत्र द्यावे, असे आम्हाला वाटत नाही.

आपल्याकडची अडचण वेगळी आणि जास्त गंभीर आहे. औषधाच्या दुकानात किंवा मोबाइलवरून मागवून ‘स्पर्म टेस्ट’ म्हणून जे मिळते ते बहुधा मूल होत नसलेल्या जोडप्यांसाठी असते. त्याची मर्यादा मिलिलिटरला दीड-दोन कोटींची. म्हणजे एक कोटी शुक्राणू असलेला माणूस त्या पट्टीवर ‘कमी’ येतो. मूल हवे असलेल्यासाठी ती काळजीची बातमी असते. नसबंदी झालेला माणूस मात्र ‘कमी’ म्हणजे शस्त्रक्रिया यशस्वी असे समजतो आणि त्याच रात्री निरोध बाजूला ठेवतो. नसबंदीच्या किटची मर्यादा अडीच लाख, हिची तिच्या साठ ते ऐंशी पट. दिसायला दोन्ही पट्ट्या सारख्याच. असा रुग्ण फोनवर पट्टीचा फोटो पाठवून ‘साहेब, निगेटिव्ह आहे’ म्हणेल तेव्हा आपण आधी खोका पाहायला मागितला पाहिजे.

मग करायचे काय? नमुना घरी घ्यायचा आणि तपासणी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात करायची. जिल्ह्यात मलेरियाची काच आणि क्षयाचा बेडका पाहणारे सूक्ष्मदर्शक आणि तंत्रज्ञ आहेत, आणि तापाच्या रुग्णाचा रक्तनमुना घ्यायला आरोग्य सेवक घरोघर जातोच. त्याच्या पिशवीत आणखी एक रुंद तोंडाची, झाकण घट्ट बसणारी बाटली मावते. बाटलीवर नाव न लिहिता क्रमांक लिहावा, म्हणजे तंत्रज्ञ त्याच गावचा असला तरी माणसाला लाज वाटणार नाही. आणि हे बोलणे शक्यतो पुरुष आरोग्य सेवकानेच करावे. आशाताईंवर आपण सगळेच टाकतो. दिराच्या वयाच्या माणसाला वीर्याची बाटली मागण्याचे कामही त्यांच्याच गळ्यात बांधणे बरोबर नाही.

नमुना ताजा नसेल तर चालेल का, ही शंका तंत्रज्ञ हमखास काढतात. थोडा विचार केला तर ती बरीचशी सुटते. वेळ जाईल तसे शुक्राणूंचे हलणे मंदावते, पण काही तासांत शुक्राणू नाहीसे होत नाहीत. टुनकीहून निघालेली बाटली चार तासांच्या आत काचेखाली आली आणि एकही शुक्राणू दिसला नाही, तर तो निकाल धरण्याजोगा आहे. दिसले, तर मात्र न हलणारे आहेत असे त्या नमुन्यावरून लिहू नये. ताजा नमुना मागवावा आणि निरोध चालू ठेवायला सांगावे. बाटली हाताने नीट ढवळून एक थेंब काचेवर, वर कव्हर स्लिप, आणि हाय पॉवरखाली सगळी काच सावकाश फिरवून पाहायची. एकदोन फील्ड पाहून ‘निल’ लिहिणे ही इथली सर्वांत महाग घाई. निरोधात गोळा केलेला नमुना घेऊ नये, आणि पहिला भाग सांडला असेल तर तसे विचारून घ्यावे. शुक्राणू सापडत राहिले तर दर महिन्याला पुन्हा तपासणी, आणि सहा महिन्यांनंतरही सापडले तर शस्त्रक्रिया पुन्हा करण्याचा विचार.

यात डॉक्टरांचेही संरक्षण आहे. पंजाब राज्य विरुद्ध शिवराम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली स्पष्ट केले की नसबंदी अपयशी ठरली एवढ्यावरून शल्यविशारदाचा हलगर्जीपणा सिद्ध होत नाही. तरीही तीन महिने निरोध वापरण्याचा सल्ला आणि तपासणीची तारीख केसपेपरवर रुग्णाच्या सहीसह नसेल, तर उलटतपासणीत उभे राहणे अवघड जाते. अपयशाची भरपाई मागणाऱ्या जोडप्यालाही हा कागद उपयोगी पडू शकतो.

येत्या पंधरवड्यात शस्त्रक्रियेच्या दिवशीच बाटली आणि तपासणीची तारीख रुग्णाच्या हातात द्या, सोबत तीन महिने पुरतील एवढे निरोध द्या. त्याची बायको बरोबर आली असेल तर तारीख तिलाही सांगा. फेब्रुवारीत, कधी मार्चच्या सुरुवातीला, माघ वद्य सप्तमीला शेगावला प्रकटदिनाची गर्दी असते, तेव्हा घाटाखालच्या तालुक्यांत आरोग्य सेवकांची ड्युटी तिकडे लागते. त्याचा हिशेब धरून बाटल्या गोळा करण्याचे दिवस आधीच ठरवा. मार्चअखेर आपल्या केंद्रात शस्त्रक्रिया किती झाल्या आणि बाटल्या किती परत आल्या, हे दोन्ही आकडे आमच्याकडे पाठवा. दुसरा आकडा कितीही लहान असला तरी आम्ही तो छापू.