उशीखालचं पुस्तक



गेल्या महिन्यात मुलीच्या खोलीतली चादर बदलताना उशीखाली एक जाडजूड इंग्रजी कादंबरी सापडली. पहिल्याच पानावर इशारा होता : या पुस्तकात अपहरण, पाठलाग, जबरदस्ती आहे, त्रास होणार असेल तर वाचू नका. या प्रकाराला 'डार्क रोमान्स' म्हणतात. नायक गुंड. तो नायिकेला पळवतो, कोंडून ठेवतो आणि शेवटी तिचं त्याच्यावरच प्रेम बसतं.

माझा पारा चढला. तेवीस वर्षांची, नोकरी करणारी मुलगी हे वाचते? तिला विचारलं तर ती लाजून म्हणाली, "अम्मी, वाचताना मजा येते, मग स्वतःचीच लाज वाटते."

त्या लाजेने मला माझं कॉलेज आठवलं. दाफ्ने द्यू मोरिए यांची १९३८ सालची 'रिबेका' मी वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचली होती. वहिदा रहमान यांचा १९६४ चा 'कोहरा' याच कादंबरीवरून घेतलेला. त्यात नवरा कबूल करतो की पहिल्या बायकोला त्यानेच गोळी घातली. ते ऐकून दुसरीला काय वाटतं? हायसं! कारण त्याचं पहिलीवर कधी प्रेमच नव्हतं. आणि खरं सांगते, तिच्याबरोबर मलाही हायसं वाटलं होतं. तो पकडला जाऊ नये म्हणून मी श्वास रोखून पानं उलटत होते. मग माझ्या मुलीला मी कुठल्या तोंडाने बोलणार?

पुस्तकांवर राग काढण्याची रीत आपल्याकडे जुनीच. डेप्युटी नझीर अहमद यांच्या 'तौबतुन्नसूह' या उर्दू कादंबरीत नसूह आपल्या मोठ्या मुलाची पुस्तकं जाळून टाकतो. पण त्या जाळण्याने मुलगा काही जवळ येत नाही. म्हणून मी पुस्तक जागच्या जागी ठेवलं.

त्याच सुमारास तिच्यासाठी एक रिश्ता आला होता. घर चांगलं, मुलगा शिकलेला. बोलणी सुरू झाल्यावर तो रोज फोन करू लागला. कुठे आहेस? सोबत कोण आहे? व्हिडिओ कॉल करून दाखव. एकदा म्हणाला, नोकरी सोड, मला काळजी वाटते. मी सगळ्यांना कौतुकाने सांगत होते, "किती जीव लावतो!"

एका रात्री मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "अम्मी, पुस्तकातला माणूस मी पुस्तक मिटलं की गप्प होतो. हा होणार नाही."

मी चपापले. ज्या पुस्तकांमुळे तिची अक्कल बिघडेल अशी मला भीती होती, ती वाचणाऱ्या मुलीला फरक कळत होता. कळला नव्हता तो मला. आम्ही रिश्त्याला नम्रपणे नकार कळवला.

याचा अर्थ ही पुस्तकं सगळ्यांच्या हातात द्यावीत असा नाही. पहिल्या पानावरचा तो इशारा खरा आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला प्रेम म्हणजे काय हेच अजून ठाऊक नसतं; तिने प्रेमाचा पहिला धडा अशा नायकाकडून घेऊ नये. पण तिच्या हातात असं पुस्तक दिसलं तर हिसकावू नका. शेजारी बसा आणि विचारा : हा माणूस उद्या आपल्या दारात आला तर? आपल्या निकाहात मुलीची मर्जी विचारतात. या गोष्टीत ती कोणी विचारली का?

आणि रिश्ता आला की हाच प्रश्न आपण आयांनी स्वतःलाही विचारावा. माझ्या मुलीचं पुस्तक अजून उशीखालीच आहे. फक्त आता ते संपलं की ती मला गोष्ट सांगते.