स्वातंत्र्याचा ठेका

वाचकहो, यंदा फराळाच्या ताटाबरोबर तुमच्यापुढे एक परदेशी चीज ठेवतो. तिचे नाव क्वायटो. जोहान्सबर्गच्या नैऋत्येला सोवेटो ही कृष्णवर्णीयांची अफाट वस्ती आहे. १९९० साली मंडेला तुरुंगातून सुटले, १९९४ साली राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच सुमारास तिथल्या आणि आसपासच्या वस्त्यांतल्या पोरांनी हे संगीत काढले. कृती सोपी. परदेशी 'हाऊस' तबकड्यांचा धावता ठेका संथ करायचा, खाली घुमणारा खर्ज धरायचा, आणि वर गायचे कमी, बोलायचे जास्त. भाषा गल्लीतली; झुलू, सोथो, इंग्रजी, आफ्रिकान्स यांची मिसळ.

एवढा लढा झाला आणि पोरांना नाचण्यापलीकडे काही सुचत नाही, अशी वडीलधाऱ्यांची तक्रार. मला ती पटत नाही. आर्थर माफोकाटेचे १९९५ सालचे गाणे घ्या. गोरे मालक काळ्या नोकराला ज्या हीन शब्दाने हाक मारीत, तोच त्याने गाण्याला नाव म्हणून दिला. गाण्यातला नोकर मालकाला बजावतो, मला त्या नावाने हाक मारायची नाही. मागणे एवढेच! (ऐकताना पाय मात्र थांबत नाहीत.)

खरा गहजब उडाला १९९८ मध्ये. 'बूम शाका' या चौकडीने 'न्कोसी सिकेलेल इआफ्रिका' क्वायटोच्या ठेक्यावर म्हटले. इनॉक सोंटोंगा या शिक्षकाने १८९७ मध्ये रचलेली ही प्रार्थना. वर्णद्वेषी राजवटीत सभांतून, अंत्ययात्रांतून लोकांनी ती गायिली. पुढे ती राष्ट्रगीतात आली. तिच्यावर कंबर हलवायची? ज्यांनी ती म्हणत आपली माणसे पुरली, त्यांचा संताप मला समजतो. पण चौकडीतली लेबो माथोसा १९७७ सालची. तिच्या लोकांना मताचा हक्क मिळाला तेव्हा ती सोळा वर्षांची पोर होती. आजी-आजोबांनी हात जोडून जे मागितले, ते तिच्या पदरात नुकते पडले होते. ते घेऊन तिने डोळे पुसत उभे राहावे, हा हट्ट कशासाठी? बिचारी २००६ साली मोटार-अपघातात गेली.

मॅन्डोझाही गेला, २०१६ मध्ये, अवघ्या अडतिसाव्या वर्षी. सोवेटोतल्या झोला भागातला हा मुलगा. २००० साली त्याचे 'न्कालाकाथा' आले आणि वस्तीबाहेर पडून थेट गोऱ्यांच्या घरांत शिरले. रग्बी हा तिकडे गोऱ्यांचा लाडका खेळ. त्या मैदानांवरही मग सोवेटोचा ठेका वाजू लागला.