नवा कॅमेरा बंद पडला तर

हौसेने घेतलेला कॅमेरा नेमका बारशाच्या दिवशी सुरू होत नाही. मग घरातला जो तो तो हातात घेऊन दिसेल ते बटण दाबत सुटतो. कृपा करून तसं करू नका. कॅमेरा टेबलावर ठेवा आणि आधी बॅटरी काढून बघा.

नवी बॅटरी पूर्ण चार्ज होऊन येत नाही, म्हणून चार्जरचा दिवा ‘झालं’ म्हणेपर्यंत थांबा. तिच्या पितळी पट्ट्यांवर प्लॅस्टिकचं झाकण राहिलंय का, तेही पाहा. ती आत ‘खट्’ आवाज होऊन अडकली पाहिजे. बॅटरीचं झाकण केसभर उघडं असलं, तरी बरेच कॅमेरे सुरू होत नाहीत. पट्ट्या मळल्या असतील तर कोरड्या सुती कापडाने पुसा; ओलं काही लावू नका.

कॅमेरा सुरू आहे पण पडदा काळा असेल, तर व्ह्यूफाइंडरजवळचा सेन्सर बोटाने किंवा गळ्यातल्या पट्ट्याने झाकला गेला असेल. लेन्स बदलता येणारी असेल, तर ती काढून पुन्हा अडकेपर्यंत फिरवा. अर्धवट बसलेल्या लेन्सशी कॅमेरा बोलत नाही.

फोटो निघत नसेल तर कार्ड बाहेर काढा. नेहमीच्या आकाराच्या एसडी कार्डाच्या डाव्या कडेला नखाएवढी कळ असते. ती खाली सरकली की कार्ड कुलूपबंद होतं, मग कॅमेरा त्यावर काहीच लिहू शकत नाही. वापरून सैल झालेली कळ कार्ड आत घालताना आपोआपही सरकते. ती वर करा. तरीही कार्ड चालत नसेल तर कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा, पण फॉरमॅट म्हणजे सगळे फोटो जाणार, हे विसरू नका. चुकून फोटो पुसले गेलेच, तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. जुने परत मिळण्याची आशा तेवढीच असते.

कॅमेरा पावसात भिजला असेल तर चालू करून बघायचा मोह आवरा. बॅटरी आणि कार्ड काढा, कोरडं पुसा आणि दुरुस्तीला द्या.

एवढं करूनही चालला नाही, तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊ नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टचा दाब असतो आणि बॅटरी काढल्यावरही तो काही काळ टिकतो. चांगला झटका बसू शकतो. शिवाय कॅमेरा उघडलेला दिसला की वॉरंटीही नाकारली जाते.

आता हक्काचं बोलू. दुकानदार बिलावरच्या ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या ओळीकडे बोट दाखवतो आणि माणसं निमूटपणे परत येतात, याचं मला फार वाईट वाटतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तू परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर मुदत दिली असेल तर तेवढ्या मुदतीत आणि दिली नसेल तर ३० दिवसांत हा हक्क बजावता येतो. ऑनलाइन घेतला असेल, तर तो विकणाऱ्या संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायला हवा. मात्र कॅमेरा विदेशातून बिनबोभाट आलेला, बिलाविना स्वस्तात घेतलेला असेल, तर भारतातली वॉरंटी बहुधा मिळणार नाही. ती बचत महागात पडते.

म्हणून माझी एवढीच विनंती. खोक्यावरचा सिरियल नंबर कॅमेऱ्यावरच्या नंबराशी दुकानातच जुळवा. पहिल्याच आठवड्यात फ्लॅश, व्हिडिओ, झूम, चार्जिंग सगळं वापरून बघा, नुसतं कपाटात ठेवू नका. तक्रार तोंडी न करता लेखी करा. कुणी दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या वस्तूसाठी शुल्कही लागत नाही.